माहेरचा दाखला, सासरचं आडनाव

फेब्रुवारीतली गोष्ट. रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. "मामा, याच्या दाखल्यावर नावच नाहीये."

मुलगा सहा वर्षांचा. घरात त्याला पाच-सहा नावांनी हाका मारतात. जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव होतं, वडलांचं होतं, दवाखाना होता, तारीख होती, आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ होती. सहा वर्षं तो कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये पडून होता. शाळेनं आधार कार्ड बघून प्रवेश दिला, त्यामुळे त्या रेघेकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

तिला जायचं होतं जर्मनीला. धाकट्या भावाला मुलगी झाली होती आणि बारसं आत्याशिवाय कसं व्हायचं? आत्यानं कानात कुर्र केल्याशिवाय नाव ठेवायचं नाही असं भावानंच ठरवलेलं. मग बारावा दिवस असो नाहीतर तिसरा महिना. जावई रांजणगावच्या एमआयडीसीत लाइनवर, त्यांना मे महिन्यात सुट्टी मिळण्यातली नव्हती. "तू आणि पोरगा जा, मी डबा लावतो," इतक्यात विषय संपला. घरातला विषय पाच मिनिटांत संपला आणि कागदांचा पुढे अडीच महिने चालला. मी निवृत्त माणूस, गाडी आहे, वेळ आहे. तिच्याबरोबर फिरलो.

आई पोराला घेऊन भावाकडे निघालीय, याहून साधी गोष्ट आपल्याकडे नाही. शिरूरच्या स्टँडवर ती लाल गाडीत बसली तर कंडक्टर पोराचं वय विचारतो ते अर्ध्या तिकिटासाठी. २०२३पासून आईलाही अर्धंच तिकीट. हा पोरगा तुझाच कशावरून आणि याच्या बापाला विचारून निघालीस का, असं त्या गाडीत कुणी विचारलं तर लोक त्यालाच खाली उतरवतील. हाच प्रश्न विमानाच्या वाटेवर मात्र रीतसर, टेबलामागून आणि हसतमुखानं विचारला जातो. आणि आपल्या बायकांकडे त्याचं उत्तर कागदावर नसतं. त्यांचा निष्काळजीपणा म्हणावा तर तसंही नाही. आपल्या रीतीभातींनीच त्यांचे कागद दोन गावांत आणि दोन नावांत वाटून ठेवलेत.

भाचीचंच बघा. सासर शिरूर, माहेर दौंड. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पोराचा जन्म दौंडचा. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, आईबाप कुठे राहतात याच्याशी तिला देणंघेणं नाही. लग्नही मुलीकडे लागलेलं, म्हणजे तेही दौंडलाच. नोंद एकवीस दिवसांत करायची असते; ती दवाखान्यानं वेळेत कळवली. बारसं झालं सव्वा महिन्यानं, नाव ठरलं तेव्हा. ते नाव नोंदवायला परत नगरपरिषदेत जायचं असतं हे बाळंतिणीला कुणी सांगितलं नाही, आणि बाळाचा बाप तेव्हा शिरूरला रात्रपाळीत. रकान्यातली रेघ अशी आली.

दुसरी गुंतागुंत नावाची. भाचीनं पासपोर्ट काढला होता कॉलेजात असताना, म्हणजे मधलं नाव वडलांचं आणि आडनाव माहेरचं. पोराच्या जन्मनोंदीत दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं "नाव?" आणि माझ्या बहिणीनं कौतुकानं सासरचं पूर्ण नाव सांगितलं. आधार कार्डावर अजून तिसराच मेळ. पासपोर्टवरची बाई आणि दाखल्यावरची आई यांचं पहिलं नाव तेवढं एक, बाकी सगळं वेगळं. तिचं नशीब असं की लग्नात पहिलं नाव बदललेलं नव्हतं. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहून घेणाऱ्या घरांत ही गाठ सोडवायला राजपत्रातल्या जाहिरातीपर्यंत जावं लागतं. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी डब्यात परत जातात. नाव बदललं याचा पुरावा म्हणून त्यांची झेरॉक्स कुठून आणायची?

शिरूरहून आम्ही न्हावऱ्याच्या रस्त्यानं निघालो. भीमा ओलांडली की पारगाव, मग उसाची शेतं, गुऱ्हाळांचा धूर, आणि केडगाव. दौंडला जायला हा सरळ रस्ता नव्हे, पण भाचीला केडगावात एक साक्षीदार गाठायचा होता. त्याचं पुढे सांगतो. तो घरी यायला अर्धा तास होता, म्हणून पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या भिंतीच्या कडेनं एक फेरी मारली. या विषयावर लिहायचं ठरल्यापासून ती भिंत माझ्या डोक्यात आहे.

पंडिता रमाबाई १८८३ साली मुंबईहून इंग्लंडला गेल्या तेव्हा बरोबर मुलगी होती, मनोरमा. वय दोन वर्षं. नवरा बिपिनबिहारी आदल्या वर्षी वारलेला. प्रवासखर्चाला हाताशी होते 'स्त्रीधर्मनीति' या त्यांच्या पुस्तकाच्या विक्रीचे पैसे. एकटी आई लहान मुलाला घेऊन परदेशी निघाल्याचं महाराष्ट्रातलं इतकं जुनं आणि इतकं ठळक उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. आणि त्या बाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं काढली ती आजच्या दौंड तालुक्यात. आज आमच्या भाचीसमोर बसलेली टेबलावरची ताई रमाबाईंकडे काय काय मागेल? मुलीचा जन्मदाखला: हिंदुस्थानात जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आला १८८६ साली, मनोरमेचा जन्म १८८१चा. नवऱ्याचा मृत्यूदाखला: तीच गत. विवाहाचा पुरावा मात्र निघाला असता, कारण त्यांचं लग्न १८७२च्या कायद्याखाली नोंदलेलं होतं आणि त्या काळी ते किती जणांचं होतं? पासपोर्टचा तर प्रश्नच नव्हता. आपल्याकडे त्याचा कायदा आला १९२० साली, महायुद्धानंतर.

कागद कुणी मागितला नाही म्हणून सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठात मनोरमेला धर्माचं काय शिकवायचं यावरून रमाबाई आणि तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्यात खटका उडाला. तो पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ साली छापला आहे. त्यातली आई अन्न, कपडे, आसरा यांचे उपकार मानते. मुलीवरचा हक्क मात्र देत नाही. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई मुलीला घेऊन अमेरिकेला गेल्या आणि पुढे मुलीला परत इंग्लंडला पाठवलं. चार-पाच वर्षांची पोर, आईविना, अटलांटिक ओलांडून. आज त्या पोरीसाठी किती सह्या लागल्या असत्या याचा हिशेब मी भिंतीकडेला उभा राहून करत होतो, तेवढ्यात भाचीनं हॉर्न वाजवला. साक्षीदार आला होता.

साक्षीदार लग्नाचा. आईचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, आणि या दोघांनी लग्न नोंदवलंच नव्हतं. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्यानं लग्नाची नोंदणी करावी लागते. उशीर झाला तर थोडा दंड भरून होते. तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, वधूवरांचा फोटो, वयाचे पुरावे, आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. भटजी आता थकलेत, पण सही ठसठशीत केली आणि वर विचारलं, "एवढ्या वर्षांनी? भांडण तर नाही ना?" लग्न नोंदवायला निघालेलं जोडपं वेगळं व्हायला निघालंय अशी शंका येण्याइतपत आपल्याकडे ही नोंदणी दुर्मीळ होती. हल्ली कर्जामुळे आणि व्हिसामुळे वाढली.

दौंड नगरपरिषदेतलं काम वाटलं त्याहून सोपं निघालं. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव पहिल्या वर्षात फुकट घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आईबापाचा अर्ज, आधार, शाळेचं बोनाफाईड. खिडकीतल्या ताईंनी एकच गोष्ट तीनदा विचारली: इंग्रजी स्पेलिंग. "आत्ताच नीट सांगा, नंतर दुरुस्तीला हेलपाटे मारू नका." नावात एक 'ए' का दोन, यावर नवराबायकोचं फोनवर छोटं भांडण झालं. स्पेलिंगचा त्रास गावालाही चुकलेला नाही. इंग्रजांनी दौंडचं 'धोंड' केलं होतं, अजूनही कुणी 'ए-यू' लिहितं, कुणी 'ओ-यू'. शिरूरला टपालखातं घोडनदी म्हणतं, आणि बीडचं शिरूर कासार, लातूरचं शिरूर अनंतपाळ ही आणखी दोन शिरूरं आहेतच. शिरूरच्या कितीतरी मुलांचा जन्म नगरच्या दवाखान्यातला. त्यांच्या जुन्या दाखल्यावर जिल्हा अहमदनगर आहे आणि आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर.

नावांबाबत सरकारनं एक चांगला नियम केलाय. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडलांचं, मग आडनाव असा क्रम. म्हणजे आई निदान नावात आली. पण ती कोणत्या नावानं आली, दवाखान्यात सांगितलेल्या की तिच्या पासपोर्टवरच्या, हे आजी-आजोबांनी प्रसूतीच्या गडबडीत नाही, आधीच ठरवून ठेवावं, एवढं या अनुभवावरून सांगतो. आणि १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. त्यामुळे नव्या बाळांच्या बाबतीत ती आडवी रेघ सहा वर्षं लपून राहायची नाही.

दौंड हे परदेशी निघालेल्या कुटुंबांना सरावलेलं गाव. रेल्वेच्या बंगल्यांमधली अँग्लो-इंडियन घरं स्वातंत्र्यानंतर एकेक करून इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला गेली. त्या काळी लहान पोराला स्वतःचा पासपोर्ट लागत नसे, आईच्या किंवा बापाच्या पासपोर्टातच त्याचं नाव चढवत. यंत्रानं वाचायचे पासपोर्ट आले आणि माणशी एक पुस्तक झालं, मग तो माणूस तीन महिन्यांचा का असेना. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा. फी हजार रुपये, आठ वर्षांखालच्यांना दहा टक्के सूट, म्हणजे आमच्या पोराचे नऊशे.

शिरूरकरांना त्यासाठी पुण्यात मुंढव्याला जावं लागतं. दौंडचा माणूस रेल्वेनं हडपसरला उतरला की पोचल्यातच जमा. शिरूरच्या माणसाला शिक्रापूर आणि वाघोली पार करायची असते, त्याबद्दल न बोललेलं बरं. पासपोर्टच्या अर्जाला ॲनेक्शर डी जोडायचा: आम्ही दोघं याचे आईबाप, पासपोर्टला आमची संमती. दोघांच्या सह्या. दोघांनी हजर राहायची गरज नाही, एक आला तरी चालतं. २०१६च्या डिसेंबरपर्यंत असल्या कागदांना नोटरीचा नाहीतर दंडाधिकाऱ्याचा शिक्का लागायचा. तेव्हापासून साध्या कागदावर स्वतःची सही पुरते. त्याच वेळी आणखी एक बदल झाला आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो: पासपोर्टच्या अर्जात आई किंवा बाप यांच्यापैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं एका आईच्या अर्जावर तसा निकाल दिला होता.

इथवर यायला कायद्याला वेळ लागला. हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा १९५६चा. त्यात मुलाचा नैसर्गिक पालक बाप, 'आणि त्याच्यानंतर' आई. त्याच्यानंतर म्हणजे तो मेल्यावर, असाच अर्थ पंचायतीपासून बँकेपर्यंत सगळे लावत. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला आणि त्यांना बापाची सही आणा म्हणून सांगण्यात आलं. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ साली न्यायालयानं 'नंतर' या शब्दाचा अर्थ 'गैरहजेरीत' असा लावला: बाप हयात असला तरी मुलाचं बघत नसेल, तर आई पालक. एका शब्दाच्या अर्थासाठी त्रेचाळीस वर्षं. २०१५ साली अविवाहित आईला मुलाच्या बापाचं नाव न सांगताही एकटीनं पालक होता येईल असाही निकाल झाला. आणि तरीही शिरूरच्या एका टेबलावर मला गेल्या मार्चमध्ये ऐकायला मिळालं, "मिस्टर कुठंयत? त्यांना पाठवा." कुठलं टेबल ते सोडा.

एवढी संमती लागते कशाला, असं भाचीनं मुंढव्याहून परतताना विचारलं. तिच्या मनात अपमान होता आणि तो मला कळत होता. उत्तर तिच्या घरात नव्हतं, दुसऱ्यांच्या घरात होतं. आईबाप वेगळ्या देशांत, नातं तुटायला आलेलं, आणि एकानं पोराला उचलून विमानात बसवलं. नंतर दुसरा कुठल्या कोर्टात जाणार? यासाठी हेगला १९८० साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला: असं नेलेलं मूल आधी ज्या देशात वाढत होतं तिथे परत पाठवायचं, ताब्याचा निवाडा तिथलं कोर्ट करील. भारत त्या करारात नाही. विधी आयोगानं २००९ साली करारात सामील व्हा म्हणून सांगितलं, २०१६ साली कायद्याचा मसुदाही दिला. तरी सामील झालो नाही. विरोधाचं कारणही टाकाऊ नाही: परदेशात नवऱ्याचा मार खाऊन लेकरासकट माहेरी पळून आलेली बाई या कायद्यात 'अपहरण करणारी' ठरते.

वकील ज्याला धनवंती जोशी प्रकरण म्हणतात ते याच जातीचं. अमेरिकेत जन्मलेलं मूल महिन्या-दीड महिन्याचं असताना आई त्याला घेऊन भारतात आली, बाप अमेरिकेत. खटला चालता चालता पोरगा मोठा झाला आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परदेशी कोर्टाचा हुकूम विचारात घ्यायचा, पण सगळ्यात वर मुलाचं हित. तेव्हापासून निकाल कधी इकडे झुकतात कधी तिकडे, सूत्र तेच राहिलंय. आमच्या नात्यातल्या न्यू जर्सीच्या मुली उन्हाळ्यात माहेरपणाला येताना नवऱ्याचं पत्र बरोबर आणतात ते याच्यामुळे. अमेरिकेत सोळा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्टच मुळात दोघांच्या संमतीशिवाय निघत नाही.

मग कोणता देश काय मागतो? जर्मनीसह शेंगेन देश व्हिसाच्या अर्जावरच दोन्ही पालकांची सही आणि न जाणाऱ्याची संमती मागतात, नाहीतर ताबा एकट्याकडे असल्याचा कोर्टाचा हुकूम. ऑस्ट्रेलियाचा ठरलेला फॉर्म आहे, १२२९. अमेरिकेत हे पत्र सक्तीचं नाही, पण सीमेवरचे अधिकारी स्वतःच सांगतात की नोटरी केलेलं जवळ ठेवा. दक्षिण आफ्रिकेनं २०१५ साली इतका कडक नियम केला की सविस्तर जन्मदाखला नसलेली कुटुंबं विमानतळावरून परतू लागली. पर्यटन बसलं आणि २०१९ साली नियम ढिला करावा लागला. काही देशांना जन्मदाखल्यावर ॲपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन) लागतं, विशेषतः तिथे राहायला जाणाऱ्यांचं. ॲपोस्टिलच्या करारात भारत २००५पासून आहे. दुबईकडे निघालेल्यांना ते चालत नाही, वकिलातीचा शिक्का लागतो. आपल्या विमानतळावर मात्र निघताना दुसऱ्या पालकाचं पत्र दाखवाच असा सरसकट नियम नाही. कोर्टाची मनाई असेल तर गोष्ट वेगळी.

आता पत्र. शिरूरच्या कोर्टाजवळ टायपिंगवाल्याकडे आम्ही तिघं एका दुपारी उभे होतो. जावई पहिल्या पाळीवरून थेट आलेले, निळा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. पाचशेचा स्टॅम्प, शंभराचे बंद झाल्यापासून दुसरा पर्यायच नाही. टायपिंगवाल्याकडे ना हरकतीचा एक साचा तयार होता, पण तो शेतातल्या विहिरीच्या वीजजोडणीचा. त्यातच नावं घालू का म्हणाला. नको म्हटलं आणि मी सांगत गेलो, तो बडवत गेला. मुलाचं नाव पासपोर्टवर आहे तसं, अक्षर न अक्षर. मुलाचा पासपोर्ट नंबर, जन्मतारीख. आईचं नाव तिच्या पासपोर्टवर आहे तसं, आणि पुढे 'विवाहानंतरचे नाव' म्हणून दाखल्यावरचं. जाण्याची तारीख, येण्याची तारीख. कोणाकडे राहणार, त्याचा पत्ता, त्याचं नातं. खर्च कोण करणार. आजारपणात निर्णय घ्यायचा अधिकार आईला, हे वाक्य बरेच जण विसरतात आणि परदेशी दवाखान्यात तेच आधी लागतं. शेवटी बापाचा फोन नंबर, देशाच्या आकड्यासकट.

नोटरी वकील चष्म्यावरून बघत म्हणाले, "सही माझ्यासमोर करा. घरून करून आणलेली मी घेत नाही." चांगला माणूस. जावयांची सही मराठीत, खाली एक लांब फराटा. पॅन कार्डावरही तशीच आहे ना, ते पडताळलं. रजिस्टरमध्ये नोंद झाली, लाल गोल शिक्का बसला. पत्र इंग्रजीत, म्हणून मी त्यांना शेवटची ओळ मराठीत सांगितली: माझ्या पत्नीनं माझ्या मुलाला घेऊन जाण्यास माझी हरकत नाही. जावई हसले. "माझी हरकत आहे का, हे घरात आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

भाची हसली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "हे गेले असते पोराला घेऊन, तर माझं पत्र मागितलं असतं?" मागितलं असतं. नियम दोघांना सारखाच आहे, आणि व्हिसाच्या टेबलावर तो सारखाच चालतो. फरक इतकाच की बाप आणि पोरगा एकाच आडनावाचे. पोराच्या नावात मधोमध बाप बसलेला. त्यांचं नातं सिद्ध करायला भटजी शोधत केडगाव-दौंड करावं लागलं नसतं.

व्हिसा केंद्रात फाइल पाच मिनिटांत तपासून झाली. पत्र, जन्मदाखला, विवाहदाखला, जावयांचं ओळखपत्र, अर्जावर दोघांच्या सह्या. बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. पोरगा त्यावरून रुसला, त्याला मशीनवर बोटं ठेवायची होती. फी आईची नव्वद युरो, त्याची पंचेचाळीस. फ्रँकफर्टला उतरल्यावर अधिकाऱ्यानं किती दिवस आणि कुणाकडे एवढंच विचारलं. पाचशेच्या स्टॅम्पवरचं पत्र फोल्डरमध्येच राहिलं. बारसं झालं, कुर्र झालं. त्या बाळाच्या जर्मन दाखल्यावर नाव आधीपासूनच होतं; तिथे नावाशिवाय नोंद पुरी होत नाही. आत्यानं ठेवलेलं नाव घरात चालतं.

भाची परत आल्यावर तिच्या मोबाइलमधला पत्राचा मसुदा फिरत राहिला. रांजणगावच्या कॉलनीतल्या दोघींनी नेला, शिक्रापूरच्या एकीनं. त्या तिघींच्या नवऱ्यांनी सह्या केल्या, काम झालं. चौथी दौंड तालुक्यातली, भाचीच्या माहेरच्या गल्लीतली. नर्स आहे. बाहेरच्या देशातल्या हॉस्पिटलचं नोकरीचं पत्र हातात आहे, मुलगी नऊ वर्षांची. नवरा चार वर्षांपूर्वी निघून गेला. घटस्फोट दिला नाही, पोटगी नाही, फोन उचलत नाही. निरोप मात्र पाठवला: सही पाहिजे ना, मग घरी येऊन माग.

तिच्यासाठी पासपोर्टच्या नियमात ॲनेक्शर सी आहे. एका पालकाची संमती मिळत नसेल तर दुसऱ्यानं ती का मिळत नाही ते लिहून स्वतःच्या जबाबदारीवर अर्ज करायचा: सोडून गेला, ठावठिकाणा नाही, कोर्टात दावा चालू आहे, जे असेल ते. म्हणजे पासपोर्टची वाट बंद नाही. पण पुढे व्हिसाचं टेबल संमती नाहीतर ताब्याचा हुकूम मागणार, आणि ताब्यासाठी कोर्टात जावं लागणार. कोर्टानं पालक नेमलं तर १८९०च्या कायद्याप्रमाणे मुलीला कोर्टाच्या हद्दीबाहेर न्यायला पुन्हा कोर्टाचीच परवानगी, म्हणून ती त्याच अर्जात मागायची. नोकरीचं पत्र किती दिवस थांबेल, हे त्या पत्रात लिहिलेलं आहे. तारीख तिनं मला वाचून दाखवली.

तिनं भाचीचाच मसुदा पुढे धरला होता. सगळं भरून आणलं होतं, मुलीचं नाव, नंबर, पत्ता, सुवाच्य अक्षरात. खालची उजवी बाजू मोकळी.

"मामा, सहीच्या जागी काय लिहायचं?"

हा कागदच तुझ्या कामाचा नाही, असं मी तिला सांगितलं, आणि दुसऱ्या कागदाचं नाव त्याच्या मागच्या बाजूला लिहून दिलं. वकिलांकडे गुरुवारी जायचं ठरलंय. तिची रात्रपाळी बुधवारी संपते.